पिकअपच्या केबिनमध्ये सत्तरनंतर शीळ वाजते. वारा कुठून शिरतोय ते कसं शोधायचं?

मावळचा_फूलवाला

नमस्कार मंडळी,

तळेगाव दाभाड्याजवळ आमचं पॉलिहाउस आहे, जरबेरा आणि डच गुलाब. माल दादरच्या फूलबाजारात जातो. रात्री उशिरा निघायचं आणि उजाडायच्या आत पोचायचं, असा नेम. गाडी डबल केबिन पिकअप, 2018 चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेली. इंजिन, गिअर, पाटे, कशाचीच तक्रार नाही. तक्रार एकच आहे. काटा सत्तरच्या पुढे गेला की डाव्या बाजूने बारीक शीळ सुरू होते आणि ऐंशीला ती डोक्यात जाते. तिच्या जोडीला वरून कुठूनतरी 'घूंऽ' असा एक जाड आवाजही असतो.

मला एकट्याला असतं तर मी रेडिओ मोठा केला असता. पण डाव्या सीटवर आबा बसतात. बाजारातला व्यवहार अजून तेच बघतात, गाळ्यांवर ओळख त्यांचीच. त्यांना कानाचं मशीन आहे आणि ही शीळ त्या मशीनमध्ये इतकी बोचते की तळेगावचा टोलनाका मागे पडला की ते मशीन काढून खिशात टाकतात. मग दादरपर्यंत आमचं बोलणं बंद. कुठल्या गाळ्यावर किती पेट्या द्यायच्या, कालचे पैसे कुणाकडे राहिलेत, हे सगळं आम्ही वाटेतच ठरवायचो. आता ते होत नाही, म्हणून हे मला मनापासून मार्गी लावायचंय.

माझ्या लक्षात आलेलं सांगतो. पावसाळ्याआधी घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालची खडी उडून समोरची काच तडकली होती, ती बदलून घेतली. दरवाज्यांना पावसाचे व्हायजर आहेत. टपावर लोखंडी पाइपचं कॅरियर आहे, त्यावर ताडपत्री आणि दोर असतो. समोरून वारा असला की शीळ वाढते, मोठ्या कंटेनरच्या मागे असलो की कमी होते. पावसात आत पाणी आलेलं दिसलं नाही.

गॅरेजवाला म्हणतो चारही दरवाज्यांची रबरं बदला. पण रबरं हाताला मऊ आहेत, कुठे फाटलेली नाहीत. खर्च करायची तयारी आहे, फक्त तो योग्य जागी व्हावा. ही शीळ नेमकी कुठली, ते घरच्या घरी कसं शोधावं?

---

खोपोली_पुणे_रोजचा

आधी टायरचा आवाज बाजूला काढा. एक्सप्रेसवे काँक्रीटचा, त्यावर टायर फार गरजतात. जुन्या हायवेवर डांबर आहे, तिथे तीच गाडी त्याच वेगात शांत वाटते. रस्ता बदलला आणि आवाज बदलला तर तो टायरचा. वाऱ्याला खाली काँक्रीट आहे की डांबर याचं काही देणंघेणं नसतं. चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर वळणावर एका बाजूला भार पडताना घरघर वाढते किंवा थांबते.

तुमचं कंटेनरचं निरीक्षण चांगलं आहे. त्याच्या आडोशाला आवाज कमी होतो म्हणजे हा वाराच. फक्त आवाज तपासायला म्हणून कंटेनरच्या फार जवळ जाऊ नका.

---

पत्राकाम_चिंचवड

फूलवाले दादा, रबरं तूर्त बदलू नका.

मी चिंचवडला पत्र्याचं काम करतो. वाऱ्याच्या आवाजाची गाडी आली की गिऱ्हाईक आधीच रबरांचा सेट हातात घेऊन येतं. तो बसवायचा, पैसे घ्यायचे आणि आवाज तसाच राहिला की दोघांनी एकमेकांची तोंडं बघायची, हे मला पटत नाही. जागा सापडल्याशिवाय मी काही बदलत नाही. आणि जागा शोधायला लागतो पेंटरचा कागदी मास्किंग टेप, दोन इंची. खाकी पॅकिंग टेप घेऊ नका. उन्हात त्याचा डिंक पत्र्याला धरतो आणि जुना रंग सोलून काढतो.

त्याआधी आवाजाची जात ओळखा. बारीक शीळ म्हणजे अरुंद फट, जिथून हवा जोरात आतबाहेर करते. 'सूंऽ' असा पसरट आवाज म्हणजे सील लांबवर सैल आहे, नाहीतर आरशावरून वारा फुटतोय. जाड 'घूंऽ' बहुतेक वेळा बाहेरच्या एखाद्या नळीचा किंवा पट्ट्याचा असतो, तिथे फट नसतेच. फडफड म्हणजे काहीतरी सुटलंय. तुमच्याकडे दोन वेगळे आवाज आहेत, तेव्हा कारणंही दोन धरा. एकच दोष शोधायला जाल तर गोंधळ होईल.

कॅरियर आधी उतरवा. चार-सहा बोल्टचं काम आहे आणि त्याने मैदान साफ होतं. मग गाडी धुऊन, कोरडी करून टेप लावायला घ्या. समोरच्या काचेच्या चारही कडा. वायपरच्या खालच्या काळ्या जाळीच्या कडा. डाव्या दरवाज्याची भोवतालची पूर्ण फट. आरशाचा पाया आणि तो ज्यावर बसतो तो प्लास्टिकचा त्रिकोण. दरवाज्याच्या काचेच्या बुडाशी बाहेरून असते ती रबरी पट्टी. व्हायजरची पुढची कड. टेप नखाने दाबून बसवा. त्याची कड वाऱ्याकडे उघडी राहिली तर टेपच फडफडेल आणि तुम्ही भलत्याच आवाजामागे लागाल. आबांना चालकाच्या बाजूने आत घ्या, डावा दरवाजा उघडायचा नाही.

असं सगळं बंद करून एक फेरी मारा. शीळ गेली, तर चोर या टेपच्या खाली कुठेतरी आहे. गेली नाही, तर मागच्या बाजूला शोधायचं. गेली असेल तर आता एकेक भागाचा टेप काढत जा आणि प्रत्येक वेळी तोच रस्ता, तीच दिशा, तोच वेग, ब्लोअरही त्याच आकड्यावर. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा करा. वडगाव ते कामशेत जुना हायवे यासाठी बरा. एक्सप्रेसवेवर हे करू नका. तिथे कडेला थांबून टेप सोलत बसणं म्हणजे जिवाशी खेळ. टेप काढायचा तो पंपावर नाहीतर ढाब्याच्या आवारात. आणि ऐकणारा माणूस वेगळा असावा, गाडी चालवणाऱ्याने कान लावून बसू नये.

लोक एक सोपी तपासणी सांगतात. दरवाज्यात कागदाची पट्टी धरून तो बंद करायचा आणि पट्टी ओढून बघायची. सहज निघाली तर सील सैल. करायला हरकत नाही, पण पट्टी घट्ट बसली म्हणून दरवाजा निर्दोष समजू नका. गाडी पळते तेव्हा वारा काचेच्या खांबाला वळसा घालून दरवाज्याच्या काचेवरून जातो. तिथे बाहेरचा दाब आतल्यापेक्षा कमी पडतो आणि दरवाज्याची वरची चौकट किंचित बाहेर ओढली जाते. उभ्या गाडीत घट्ट असलेलं सील ऐंशीला उचललं जातं, ते असं. म्हणून धावत्या गाडीत आबांना सांगा, आतलं हँडल धरून दरवाजा आपल्याकडे ओढा. ओढल्यावर आवाज बदलला तर दोष दरवाज्याच्या बसण्यात आहे. मग लॉक ज्या कडीत अडकतं तो स्ट्रायकर थोडा आत घेऊन काम होतं, नवीन रबर लागत नाही.

काच नुकतीच बदललीय हे वाचून मात्र माझा पहिला संशय काचेच्या डाव्या कडेवर आहे.

---

वाऱ्याचं_गणित

'घूंऽ'बद्दल लिहितो, कारण शिळेचं वर उत्तम आलंय.

गोल पाइपवरून वारा गेला की पाइपच्या मागे एकदा वरून, एकदा खालून असे भोवरे ठरावीक लयीत सुटतात. ती लय म्हणजेच तुमचा आवाज. हिशोब सोपा आहे. वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याला पाइपच्या जाडीने भागा आणि 0.2 ने गुणा. ताशी 80 म्हणजे सेकंदाला 22 मीटर. पाइप 25 मिलिमीटरचा असेल तर साधारण 178 हर्ट्झ, म्हणजे जाड, घुमणारा स्वर. टपावर वारा गाडीच्या वेगापेक्षा थोडा जास्तच पळतो, तेव्हा प्रत्यक्षात आवाज जरा चढा येईल. वेग वाढवला की 'घूंऽ' हळूहळू वर चढत असेल तर पाइपवर संशय पक्का.

यावर उपाय म्हणजे पाइपचा सरळपणा मोडणे. समोरच्या आडव्या पाइपवर जाडसर दोर अंतर सोडून तिरका गुंडाळा, दोन्ही टोकं घट्ट बांधा. मग सगळ्या लांबीवर भोवरे एकाच वेळी सुटत नाहीत आणि स्वर जुळत नाही. कारखान्यांच्या उंच लोखंडी चिमण्यांना वरच्या भागात सर्पिल पट्ट्या जोडतात, त्या याच भोवऱ्यांनी चिमणी हलू नये म्हणून. बऱ्याच गाड्यांच्या अँटेनाला पीळ दिलेला असतो तोही याचसाठी.

ताडपत्रीवरून चपटा पट्टा आवळत असाल तर त्याला एक-दोन पीळ द्या. सपाट ताणलेला पट्टा वाऱ्यात थरथरून फार मोठा आवाज करतो.

आणखी एक. हवेच्या खळबळीतून होणाऱ्या आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. 60 चे 80 केलेत की ती साडेपाच पट होते. उलट 80 वरून 70 वर आलात तर निम्म्याहून कमी. दोष सापडेपर्यंत आबांसाठी एवढं करता येईल.

---

मावळचा_फूलवाला

सगळ्यांचे आभार. सापडलं! सविस्तर लिहितो, कुणाला तरी उपयोगी पडेल.

कॅरियर उतरवलं आणि 'घूंऽ' पूर्ण गेला. शीळ मात्र जशीच्या तशी, उलट आता जास्तच स्पष्ट ऐकू यायला लागली. मग चिंचवडच्या दादांनी सांगितलं तसं सगळं टेपने बंद केलं. कामशेतपर्यंत केबिनमध्ये इंजिन आणि टायर सोडून काही नव्हतं. आबांनी मशीन कानातच ठेवलं आणि जाता जाता शेजाऱ्याच्या विहिरीचा विषय काढला.

टेप सोलत गेलो. दरवाज्याच्या फटीचा काढला, काही नाही. आरसा आणि त्रिकोण, काही नाही. व्हायजर, नाही. समोरच्या काचेची डावी कड मी दोन भागांत टेपली होती. खालचा अर्धा काढला, शांत. वरचा अर्धा काढला आणि सत्तरला शीळ हजर.

मग काचेच्या कडेची काळी पट्टी जवळून बघितली. वरच्या कोपऱ्यापासून वीतभर खाली अंगठ्याने दाबली की तिथे ती थोडी उचलल्यासारखी लागते, बाकी ठिकाणी पक्की आहे. टॉर्च तिरका धरला तर तेवढ्याच जागी पट्टीच्या खालून तांबूस धुळीची बारीक रेघ बाहेर आलेली दिसते.

हे करणं बरोबर आहे का? हार्डवेअरच्या दुकानात बाथरूमसाठी सिलिकॉनची नळी मिळते. तेवढ्या जागेत भरून टाकू का? आणि हवा जाते तर पाणी का येत नाही?

---

पत्राकाम_चिंचवड

सिलिकॉन नको! हात जोडून सांगतो.

काच पीयूने, म्हणजे पॉलियुरेथेनच्या जाड गोंदाने चिकटवलेली असते. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं ते सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि पत्र्यावर ओरखडा असेल तिथे गंज धरवतं. त्याहून वाईट म्हणजे त्याचा पातळ थर राहिला तरी त्यावर पुन्हा पीयू धरत नाही. उद्या काच नीट बसवायची म्हटली तर कारागिराला अख्खी कड खरवडावी लागेल. समोरची काच नुसती वारा अडवायला नसते. ती टपाला आधार देते आणि बऱ्याच गाड्यांत डावीकडची एअरबॅग उघडताना काचेवर टेकून आकार घेते. तिची पकड कच्ची ठेवून चालत नाही.

धुळीची रेघ ही सगळ्यात खरी खूण. हवा जिथून ये-जा करते तिथे धूळ बसतेच. खात्री करायची असेल तर तुमच्याकडे फवारणीचा पंप असेलच. तो स्वच्छ धुऊन त्यात साबणाचं पाणी भरा, औषधाचा अंश नको. गाडी उभी, काचा बंद, बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू, ब्लोअर पूर्ण. मागच्या सीटच्या पाठीमागे हवा बाहेर जायच्या झडपा असतील तर तेवढ्यापुरता त्यांवर टेप, म्हणजे आत दाब टिकेल. मग काचेच्या कडेने हलका फवारा मारा. फट असेल तिथे बुडबुडे येतील.

पाण्याचं म्हणाल तर काचेवरून ओघळणारं पाणी पट्टीवरूनच खाली जातं. थोडं आत गेलं तरी ते खांबाच्या आतल्या बाजूने उतरतं, समोर दिसत नाही. डाव्या पायाखालचं मॅट उचलून खालचा फोम दाबून बघा. ओल किंवा कुबट वास असला तर पाणी येतंय आणि काच लवकर करून घ्यायला हवी, कारण तिथला पत्रा आतून खातो.

ज्यांनी काच बसवली त्यांच्याकडेच न्या आणि बुडबुडे दाखवा. शब्दाने सांगितलं की 'आवाज येणारच' असं उत्तर मिळतं, बुडबुड्यांना उत्तर नसतं. काच काढून पुन्हा बसवा म्हणा. कापताना ती तडकू शकते, तेव्हा तो खर्च कुणाचा हे आधी ठरवा. पत्र्यावर कुठे ओरखडा पडला असेल तर प्रायमर लावल्याशिवाय पीयू ओढू देऊ नका. पीयूच्या नळीवर गाडी किती वेळाने चालवायची ते छापलेलं असतं, तेवढा वेळ गाडी जागची हलवायची नाही. पहिला दिवस दरवाज्याची एक काच दोन बोटं खाली ठेवा. सगळं बंद असताना दरवाजा आपटला की आतल्या हवेचा धक्का ओल्या पीयूवर बसतो. दोन-तीन दिवस प्रेशरने धुऊ नका.

---

मावळचा_फूलवाला

झालं काम. मॅटखालचा फोम कोरडा होता, वेळेवर सापडलं. काचवाल्याने आधी नेहमीचंच सांगितलं, पण फवारा मारल्यावर बुडबुडे बघून गप्प झाला आणि पैसे न घेता काच काढली. काच शाबूत निघाली. पीयूची दोरी जिथे सुरू होऊन जिथे संपते, तो सांधा त्याच जागी होता. दोन टोकं एकमेकांवर चढायला हवीत, ती नुसती शेजारी येऊन थांबली होती. मधली फट सुतळीएवढीही नव्हती. एवढ्याशा जागेने आमची सगळी वाट खाल्ली होती.

आता शीळ नाही. मग एक हलका 'सूंऽ' ऐकू यायला लागला, जो आधी शिळेकडेच कान असल्यामुळे लक्षात आला नसणार. आबांनी आतून हँडल ओढलं की तो थांबत होता. स्ट्रायकरभोवती मार्करने रेघ मारून ठेवली, स्क्रू ढिले केले, रेघेपासून मिलिमीटरभर आत सरकवला आणि आवळला. त्याहून जास्त घेतला तेव्हा दरवाजा आपटावा लागत होता, म्हणून परत मिलिमीटरवर आणला. कॅरियर दोर गुंडाळून पुन्हा बसवलंय. 'घूंऽ' शंभर टक्के गेला नाही, पण ऐकायचाच म्हटलं तर ऐकू येतो एवढाच उरलाय.

रबरांना काही लावावं का? गॅरेजवाला म्हणतो डिझेलच्या फडक्याने पुसा, काळी चमकतात.

---

पत्राकाम_चिंचवड

डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑइल काही नको. दरवाज्याचं रबर तेलाने फुगतं आणि मग सैल पडतं. साबणाच्या पाण्याने पुसा, कोरडं करा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. हे सिलिकॉन वेगळं, नळीतलं नाही. आणि काचेच्या कडेला तेही लागू देऊ नका.

सांध्याचं तुम्ही बघितलंत ते छान केलंत. नवीन मुलांना मी तेच शिकवतो, सांधा नेहमी खालच्या कडेला घ्या, वरच्या कोपऱ्याजवळ कधीच नको.

---

सातारचा_सिंगल_केबिन

धागा वाचून माझ्या गाडीचं विचारतो. शीळ नाही, पण पाठीमागून सतत रस्त्याचा आवाज आणि बारीक धूळ येते. सीटमागच्या त्या झडपाच असतील का? बंद करून टाकू?

---

पत्राकाम_चिंचवड

त्याच असाव्यात, पण कायमच्या बंद करू नका. त्या बंद झाल्या की दरवाजा लावताना हवा कोंडते, बाहेरची ताजी हवा नीट फिरत नाही आणि पावसात काचा धुरकट होतात. सीट पुढे ओढून आतलं प्लास्टिक काढा. पातळ रबरी पापण्या असतात, त्या फक्त बाहेर उघडायला हव्यात. धुळीने अर्धवट उघड्या अडकल्या असतील तर ओल्या ब्रशने साफ करा आणि बोटाने हलवून बघा, आपोआप मिटतात का. पापणी वाकडी झाली असेल किंवा चौकटीभोवतीचा फोम झडला असेल तर तेवढाच बदला. मागच्या काचेचं रबरही त्याच वेळी साबणाच्या पाण्याने तपासून घ्या.